भट्टीपुढची वर्षे आणि पदवीचा हिशेब

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींमध्ये अशी कितीतरी माणसे आहेत, ज्यांच्या हाताखाली नवे पदवीधर अभियंते काम शिकतात आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्याच वरच्या जागेवर जाऊन बसतात. शिकवणारा मात्र होता तिथेच राहतो, कारण त्याच्या शिक्षणाच्या रकान्यात दहावी किंवा आयटीआय एवढेच लिहिलेले असते. कारखान्यात बाहेरचे ऑडिट आले की प्रत्येकाच्या पात्रतेचा तक्ता समोर ठेवावा लागतो, आणि त्या तक्त्यात आयुष्यभराचे काम म्हणजे अनुभवाच्या चौकटीतला एक आकडा असतो. मी आठवडाभर तंत्रनिकेतनात शिकवतो आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून जातो. त्यामुळे कामातून आलेले ज्ञान पदवीच्या हिशेबात धरायचे का, आणि धरायचे तर कसे, हा प्रश्न माझ्यासमोर सतत असतो. धरायचे का, याचे माझे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. अवघड आहे ते कसे धरायचे हे, आणि तिकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

शिक्षण सुटलेल्या माणसांसाठी महाराष्ट्रात दार उघडले ते १९८९ साली, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन निघालेल्या या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रमाची सोय केली आणि शाळा अर्धवट सोडलेल्या हजारो लोकांना पदवीच्या वाटेवर आणले. गृहिणी, पोलीस शिपाई, एस. टी.चे वाहक, कारखान्यातील कामगार, शेतकरी या सर्वांना मराठीतून, नोकरी न सोडता, वयाची आडकाठी न होता शिकता येऊ लागले. या कामाचे मोल मी रविवारच्या संपर्कसत्रांत डोळ्यांनी पाहतो, म्हणून त्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. पण दार उघडले तरी आत आलेल्या प्रत्येकाने पहिल्या पायरीपासूनच चढायचे, हा नियम मात्र तसाच राहिला. चाळिशीतील माणूस आणि बारावी होऊन आलेला मुलगा एकाच बाकावर बसतात, तेच पुस्तक वाचतात, तीच उत्तरे लिहितात. समानतेच्या दृष्टीने हे योग्य वाटते. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्यात मोठा अपव्यय आहे.

आमच्या केंद्रावर एक अंगणवाडी सेविका बी. ए.च्या अभ्यासक्रमाला होत्या. त्यांच्या अभ्यासात पोषण आणि बालविकास यांवरचा भाग होता. समतोल आहाराची व्याख्या, कुपोषणाची कारणे, बालकाच्या वाढीचे टप्पे असे प्रश्न त्या इतरांसारखेच पाठ करीत होत्या. ज्या बाईंनी दंडाला पट्टी लावून घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला की बाळ तीव्र कुपोषित धरायचे, हे वर्षानुवर्षे केले होते, ज्यांना वाढीच्या तक्त्यावरची रेघ सपाट होऊ लागली की वजन प्रत्यक्ष घटण्याआधीच घरी जाऊन आईला काय विचारायचे हे ठाऊक होते, त्या त्याच विषयाची व्याख्या मार्गदर्शिकेतल्या शब्दांत लिहिता येत नाही म्हणून रडकुंडीला आल्या होत्या. त्यांच्याकडे जे होते ते त्या विषयाच्या पाठ्यपुस्तकाहून कमी नव्हते, वेगळ्या रूपात होते. ते तपासण्याची रीतच कुठे नव्हती. त्या भागाचे श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी जमवायची शिक्षणाची एकके) त्यांना तपासणी करून आधीच दिले असते, तर पाठांतरात गेलेल्या रात्री त्यांनी इतिहासाला किंवा अर्थशास्त्राला दिल्या असत्या, जिथे त्यांना खरोखर नवे काही शिकायचे होते.

हिशेबाची रीत आता कागदावर आली आहे. २९ जुलै २०२० रोजी मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पूर्वी मिळवलेल्या ज्ञानाला मान्यता देण्याची भाषा केली. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांच्या बँकेचे, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या खात्याचे, नियम काढले, आणि एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात शिकण्याचे ३० तास म्हणजे १ श्रेयांक, वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, असा सरळ हिशेब आहे. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक लागतात. वर्ग, प्रयोगशाळा, प्रकल्प, खेळ, समाजकार्य, कारखान्यातील प्रशिक्षण, सगळेच या एका मापात मोजता यावे, अशी ती कल्पना आहे. आणि अनुभवालाही त्यात जागा आहे: एखाद्या पात्रतेनंतर माणसाने त्याच क्षेत्रात काम केले तर त्याच्या श्रेयांकांना वाढता भार द्यायचा, आणि सात वर्षांपेक्षा जास्त अनुभव असेल तर हा भार जास्तीत जास्त दोनपर्यंत, म्हणजे श्रेयांकांच्या दुपटीपर्यंत, न्यायचा.

हा आराखडा मी दोनदा बारकाईने वाचला आणि त्यातल्या हेतूबद्दल मला आदरच वाटला. शिक्षण हे फक्त महाविद्यालयाच्या भिंतींच्या आत घडते, हा आपला जुना आग्रह सरकारी कागदाने सोडावा, ही लहान गोष्ट नाही. पण वर्षांवर भार बेतला की मोजले जातात ते दिवस. एकाच भट्टीवर आठ-आठ वर्षे उभी राहिलेली दोन माणसे मी ओळखतो. एकाला धातूचे मन कळते, आणि दुसरा आजही कोणी सांगितल्याशिवाय हात हलवत नाही. दोघांच्या हजेरीपत्रकात फरक नाही. तेव्हा हजेरीपत्रकातून श्रेयांक काढले, तर एकावर अन्याय होतो आणि दुसऱ्याला फुकटचे मिळते. त्याहून वाईट म्हणजे, काही वर्षांनी दोघांच्याही कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही.

अमेरिकेत हा पेच पन्नास वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांचे प्रशिक्षण महाविद्यालयांनी कसे धरावे, या प्रश्नापासून तिथे सुरुवात झाली, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्क व न्यू जर्सी या राज्यांनी खास प्रौढांसाठी अशा पदव्या सुरू केल्या, की ज्यांत वर्गात किती बसलात यापेक्षा काय येते याला महत्त्व होते. १९७४ मध्ये तिथे अनुभवजन्य शिक्षणाच्या मूल्यमापनाची रीत बसवण्यासाठी महाविद्यालयांचा एक संयुक्त उपक्रम सुरू झाला. त्यातून पक्के झालेले तत्त्व मला या साऱ्या विषयाचा कणा वाटते: श्रेयांक अनुभवाला द्यायचे नाहीत, अनुभवातून जे शिकले गेले त्याला द्यायचे. म्हणून उमेदवाराने आपल्या कामाचा एक दस्तऐवज तयार करायचा, त्यात आपण काय केले, का केले, काय चुकले, त्यावरून काय समजले हे लिहायचे, पुरावे जोडायचे, आणि त्या विषयाच्या शिक्षकाने ते वाचून, प्रश्न विचारून निर्णय द्यायचा. हे सगळे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात ते किती कष्टाचे आहे, हे मला एका ओतकामगाराबरोबर बसल्यावर कळले.

ते शिरोलीतल्या एका फाउंड्रीत मेल्टिंगला सुपरवायझर आहेत, शिक्षण दहावी. पदवीला नाव घालायचे मनात होते, आणि आपल्याला जे येते ते कुठे मांडता येईल का, हे विचारायला ते केंद्रावर आले. आत्ता लगेच त्याचा कुठे उपयोग होईल असे वचन मी देऊ शकत नव्हतो, हे त्यांना स्पष्ट सांगितले. तरी आपण दस्तऐवज करून पाहू, असे दोघांनी ठरवले. पहिल्या बैठकीत मी त्यांना कामाचे वर्णन करायला सांगितले. त्यांनी चार वाक्ये सांगितली: चार्ज भरतो, टेंपरेचर बघतो, लेडलमध्ये ओततो, पोरांवर लक्ष ठेवतो. (चार्ज म्हणजे भट्टीत टाकायचा कच्चा माल, लेडल म्हणजे वितळलेला रस ओतायचे पात्र.) ज्याला काम येते त्याला ते सांगण्यासारखे वाटत नाही, हा या सगळ्या प्रकारातला पहिला अडसर आहे. असा अर्ज भरून दिला असता, तर कोणत्याही परीक्षकाने त्याला एकही श्रेयांक दिला नसता.

मग मी त्यांच्या पाळीला फाउंड्रीत गेलो. भट्टीतून थोडा रस काढून त्यांनी पाचरीच्या आकाराच्या लहान साच्यात ओतला, तो थिजल्यावर चिमट्याने पाण्यात बुडवला आणि हातोड्याने तोडला. तुटलेल्या तोंडाला टोकाकडून आत पांढरा पट्टा होता, पुढे करडा भाग. ते म्हणाले, "सर, हे पांढरं लई आत गेलंय. असंच ओतलं तर माल कडक येणार, मशिन शॉपमधी टूल खाणार." मग किती कार्बन आणि किती फेरोसिलिकॉन टाकायचे ते त्यांनी सांगितले, पुन्हा नमुना घेतला, आणि पांढरा पट्टा आखडला. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो. भट्टी तेवढा वेळ तापवत ठेवली तर विजेचा खर्च वाढतो आणि रसातील कार्बनही जळत जातो, म्हणून हा पट्टा वाचता येणे हे तिथे फार मोलाचे आहे.

मी विचारले, एकाच लेडलमधून ओतलेले सगळे नग सारखेच येतात का? तेव्हा खरे बोलणे सुरू झाले. पूर्वी त्यांच्याकडे मोठ्या लेडलने ओतत असत, आणि शेवटच्या साच्यांतले नग मशिनिंगला कडक लागत, अशी तक्रार येई. दोष साच्याच्या वाळूला दिला गेला, रसायनाला दिला गेला. त्यांनी मात्र साच्यांवर खडूने ओतण्याचा क्रम लिहायला सुरुवात केली, आणि तक्रारीचे नग नेहमी शेवटच्या क्रमांकांचे निघतात, हे काही आठवड्यांत दाखवून दिले. "पावडरीचा जोर ओसरतो, सर," ते म्हणाले. पावडर म्हणजे लोखंड पांढरे, कडक होऊ नये म्हणून लेडलमधल्या रसात टाकतात ते द्रव्य. लेडल लहान करा, किंवा शेवटी धारेतच थोडी पावडर सोडा, असा त्यांनी आग्रह धरला, आणि पुढे तसेच झाले.

धातुशास्त्राच्या पुस्तकात हा भाग आहे. लेडलमध्ये टाकलेल्या द्रव्याचा परिणाम काही मिनिटांत ओसरत जातो, ग्राफाइटची केंद्रे कमी होतात, आणि पातळ भागात पांढरे, कठीण लोखंड तयार होते. मी तो वर्गात शिकवतो, विद्यार्थी तो लिहितात, आणि त्यांपैकी बहुतेकांनी तो डोळ्यांनी कधी पाहिलेला नसतो. या माणसाने निरीक्षण केले, अंदाज बांधला, तो तपासण्याची युक्ती काढली, नोंदी ठेवल्या आणि उपाय सुचवला. पदवीच्या प्रकल्पाकडून आपण याहून वेगळे काय मागतो? या भागाचे, आणि ओतकामाच्या प्रात्यक्षिकांचे श्रेयांक त्यांना पूर्ण द्यावेत, असे मी कोणत्याही समितीपुढे उभा राहून सांगेन.

त्याच बैठकीत मी त्यांना लोह-कार्बन आलेख, म्हणजे कार्बनचे प्रमाण आणि तापमान यांनुसार लोखंडाची रचना कशी बदलते ते दाखवणारा आलेख, दाखवला, तर तो त्यांना वाचता आला नाही. कार्बन व सिलिकॉन यांच्या टक्केवारीतून जे समतुल्य काढतात, त्याचे उत्तर त्यांना पट्ट्याकडे बघून कळते, पण सूत्र मांडता येत नाही. त्यामुळे एखादी नवी मिश्रधातू आली तर सुरुवात कुठून करायची हे त्यांना ठरवता येणार नाही, असे ते स्वतःच म्हणाले. तेव्हा त्या विषयाचे श्रेयांक द्यायचे नाहीत, तो विषय शिकवायचा. त्यांनाही हेच हवे होते. "जे येतंय त्यात माझी दोन वर्षं घालवू नका, जे येत नाही ते शिकवा," असे त्यांनी सांगितले, आणि या सगळ्या खटाटोपाचे कारण इतक्या नेमकेपणाने सांगितलेले मी कुठल्या धोरणात वाचलेले नाही. श्रेयांक मिळणे म्हणजे शिक्षण टाळणे, असे समजणाऱ्यांनी अशा माणसाबरोबर एक संध्याकाळ बसावे.

फ्रान्समध्ये हे काम कायद्याने आणि मोठ्या प्रमाणावर होते. १९३४ सालीच तिथे असा कायदा झाला होता, की अभियंत्याचे काम प्रत्यक्ष करणाऱ्या, पण महाविद्यालयात न गेलेल्या माणसाला परीक्षामंडळापुढे जाऊन अभियंत्याची सरकारमान्य पदवी मिळवता यावी. २००२ च्या जानेवारीत त्यांनी हा हक्क जवळजवळ सर्व पदव्या व पदविकांना लागू केला. तीन वर्षांच्या अनुभवाची अट होती, ती २०१६ मध्ये एका वर्षावर आली आणि डिसेंबर २०२२ च्या कायद्याने तीही काढून टाकली गेली. उमेदवार सविस्तर दस्तऐवज लिहितो, मग परीक्षामंडळ त्याला समोर बसवून बोलते. मंडळात शिक्षक असतात तसे त्या व्यवसायातले लोकही असतात. मंडळ पूर्ण पदवी देऊ शकते, काही भाग मान्य करून उरलेला शिकायला सांगू शकते, किंवा नाकारू शकते. तिथे या मार्गाने येणाऱ्यांत वृद्धांची आणि रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांची, त्यातही बायकांची, संख्या मोठी आहे. ज्या कामाला कौशल्य म्हणायलाच समाज तयार नसतो, नेमके त्याच कामाला तिथे मंडळापुढे बोलायची जागा मिळाली. मला त्या व्यवस्थेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळीच: दस्तऐवज लिहिताना उमेदवाराच्या सोबतीला एक मार्गदर्शक देण्याची सोय तिथे आहे. चार वाक्यांत संपणारे काम चाळीस पानांचे कसे होते, हे त्या सोबतीवर अवलंबून असते.

आपल्याकडे असा एक जुना व्यवहार सैनिकांच्या बाबतीत झाला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत आहे. दहावी होऊन पंधरा वर्षे नोकरी केलेल्या सैनिकाला, पदवी मागणाऱ्या पण तांत्रिक अनुभव न मागणाऱ्या क वर्गाच्या सरकारी जागांसाठी पात्र धरावे, असे केंद्र सरकारने १९८६ साली ठरवले. निवृत्त होऊन आलेल्या कितीतरी जवानांची घरे या तरतुदीने सावरली. परंतु ती नोकरीपुरती समकक्षता आहे, त्यावर एम. ए.ला प्रवेश मागितला तर तो मिळत नाही, कारण पंधरा वर्षांत माणूस काय शिकला हे तिथे कोणी पाहिलेलेच नसते. सिग्नलमधला जवान, इस्पितळातला नर्सिंग असिस्टंट आणि स्वयंपाकघर सांभाळणारा, तिघांनाही तोच कागद मिळतो. जून २०२२ मध्ये अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी जाहीर झाली, तिच्यात निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे आणि निम्मे भाषा, अर्थशास्त्र, इतिहास, पर्यावरण अशा विषयांचे, अशी विभागणी आहे. तिथे निदान प्रशिक्षणाला अभ्यासाचा भाग मानले आहे, ही पुढची पायरी आहे.

लोक या वाटेकडे संशयाने का पाहतात, हेही मला समजते, आणि त्यांचा संशय मी उडवून लावणार नाही. 'आयुष्याच्या अनुभवावर पदवी' असे सांगत इंटरनेटवर पैसे घेऊन कागद विकण्याचा धंदा जगभर चालला. २०१५ मध्ये उघडकीला आलेल्या कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीच्या प्रकरणात असे बनावट विद्यापीठांचे जाळेच सापडले. आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातून मिळालेल्या अभियांत्रिकी पदव्या अवैध ठरवल्या, आणि नोकरी सांभाळून त्या घेतलेले अनेक कामगार एका निकालाने मागे फेकले गेले. त्याउलट दि इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ए. एम. आय. ई. ही परीक्षा पाळी संपवून रात्री अभ्यास करणाऱ्यांची मोठी आशा होती, आणि तिच्या काठिण्यामुळे तिला मान होता. तिचीही पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच उरली. म्हणजे खोटी वाट बंद होताना खरी वाटही आक्रसली, आणि काम करणाऱ्या माणसाला अभियंता होण्याचा मार्ग पूर्वीपेक्षा अरुंद झाला. यावर उपाय एकच दिसतो: तपासणी इतकी पक्की असावी, की तिच्यातून मिळालेल्या श्रेयांकांकडे बोट दाखवण्याची कोणाची हिंमत होऊ नये.

तशी तपासणी महाग असते, हे मान्य केले पाहिजे. त्या एका ओतकामगाराच्या दस्तऐवजासाठी आम्ही अनेक रविवार बसलो आहोत, आणि अजून वाळूचा भाग बाकी आहे. असे मूल्यमापन करणाऱ्या शिक्षकाचे काम आज कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही, त्याला मानधन नाही, आणि प्रशिक्षण तर नाहीच. परीक्षेचा पेपर तपासणे आणि माणसाच्या बोलण्यातून ज्ञान ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे आम्हा शिक्षकांना कोणी शिकवलेले नाही. श्रेयांकांची बँक उभी राहिली, तिचे खाते मोबाइलवर दिसते, पण खात्यात काय भरायचे हे ठरवायला समोर बसणारा माणूस नेमलेला नाही. मला वाटते, प्रत्येक जिल्ह्यात तंत्रनिकेतन, आयटीआय आणि तिथल्या उद्योगातले जाणते कारागीर यांची मिळून मंडळे असावीत. ओतकामाची तपासणी भट्टीजवळ व्हावी आणि अंगणवाडीची अंगणवाडीत. उमेदवाराला नाकारले तर का नाकारले हे लेखी मिळावे, म्हणजे त्याला उरलेले शिकून परत येता येईल.

आणि हे सारे मराठीत व्हावे. पावडरीचा जोर ओसरतो, हे वाक्य इंग्रजी रकान्यात भरायला सांगितले, तर त्या माणसाची भीती तेवढी तपासली जाईल, त्याचे ज्ञान नाही. इंग्रजी त्याला लागणारच आहे, ते त्याला अभ्यासक्रमात शिकवावे, त्याचेही श्रेयांक त्याने मिळवावेत. आमच्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळा रविवारी बंद असतात. अशी मंडळे नेमली गेली, तर त्या उघडून बसायला मी तयार आहे, आणि माझ्या ओळखीचे आणखी काही शिक्षकही तयार आहेत.